भेटशास्त्री

नागपूरच्या बेसात घरांची नवी स्कीम उभी राहिली की आधी बोअरवेल होते, मग कमान होते आणि त्यानंतर तळमजल्याच्या एखाद्या खिडकीला पाटी लागते : ‘गायन, हार्मोनियम, तबला, गिटार, कीबोर्ड आणि अबॅकस’. महालातले वाडे विकून आणि धरमपेठेतली भाड्याची घरं सोडून जी मंडळी मनीषनगर ओलांडून इकडे राहायला आली, त्यांनी येताना देव्हारा आणला, लोणच्याच्या बरण्या आणल्या आणि पेटी आणली. त्यामुळे संध्याकाळी बेसा-पिपळा रस्त्याच्या कोणत्याही गल्लीत शिरा. एका घरातून भूप येतो, दुसऱ्यातून तीनताल येतो आणि तिसऱ्यात गिटारवर गेल्या वर्षीचंच गाणं यंदाही त्याच जागी अडतं.

एवढे कलावंत जमले की त्यांचे वाढदिवस येतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे निकाल येतात, गणपतीतले सत्कार येतात. म्हणजेच भेटवस्तू आली. आणि भेटवस्तू आली की तिच्या पाठोपाठ कापडी पिशवी घेऊन भेटशास्त्री येतात.

हे काही एका माणसाचं नाव नाही. दर दोन-तीन स्कीममागे एक भेटशास्त्री असतोच. वय साठीच्या पुढे, पायात चामडी चपला, खिशात शिंप्याचा टेप आणि छोटी वही. आमच्या वाट्याला आलेले भेटशास्त्री सिव्हिल लाइन्सच्या एजी ऑफिसातून निवृत्त झाले. आयुष्य लोकांच्या खर्चावर आक्षेप काढण्यात गेलं आणि निवृत्तीनंतर सरकारचा खर्च तपासायला मिळेना, म्हणून ते शेजाऱ्यांचा तपासू लागले. स्वतः कोणतंच वाद्य वाजवत नाहीत. लहानपणी महालात तबला शिकायला गेले होते. गुरुजींनी चार दिवस त्यांची बोटं पाहिली आणि म्हणाले, ‘‘तू ऐकत जा बेटा.’’ भेटशास्त्री हे वाक्य आजही पदवीसारखं सांगतात.

हिशेबखात्याचा आणि संगीताचा संबंध काय, असं त्यांना विचारू नका. कोणीतरी एकदा विचारलं होतं. त्याला वसंतराव देशपांडे ऐकावे लागले, तेही गाऊन नव्हे, सांगून. मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले, आपल्या नागपुरात वाढलेले, शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले वसंतराव पुण्यात कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होते, आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं तेव्हा कुठे अख्ख्या महाराष्ट्राला कळलं की हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या गळ्यात काय काय असू शकतं. ‘‘म्हणजे तुमच्याही गळ्यात...’’ असं समोरचा चुकून बोललाच, तर भेटशास्त्री गंभीर होतात. ‘‘माझ्या गळ्यात काही नाही. पण काय पाहिजे असते ते मले ठाऊक आहे.’’

त्यांचं शास्त्र एका वाक्यात मावतं. संगीताची भेट दोन प्रकारची : संगीताचं चित्र असलेली आणि संगीताला लागणारी. पहिली दुकानात लगेच मिळते, चकचकीत कागदात बांधून मिळते आणि घेणाऱ्याच्या माळ्यावर जाते. दुसरीसाठी आधी प्रश्न विचारावे लागतात, आणि आपल्याकडे भेट द्यायची म्हटलं की लोक पैसे खर्च करायला तयार असतात, प्रश्न विचारायला नसतात.

ते स्वतः मात्र विचारतात. फार विचारतात. पलीकडच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहतात. त्यांच्या घरी ते पहिल्यांदा गेले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी शोकेसची तपासणी उरकली. वीणा घेतलेल्या सरस्वतीच्या मूर्ती, तबला वाजवणारे गणपती, सोनेरी मुलामा दिलेली बोटभर सतार, गिटारच्या आकाराचं बंद पडलेलं घड्याळ, शिसमच्या रंगाच्या प्लायवुडवर ‘सप्रेम भेट’ असं कोरलेली असंख्य स्मृतिचिन्हं. शिवाय पाश्चात्त्य नोटेशनमध्ये सुरुवातीला जे वळणदार चिन्ह काढतात, ते छापलेले कपच कप.

‘‘ताई, हे चिन्ह कायचं हो?’’

‘‘काय माहीत बाप्पा. मी तर सारेगम लिहिते. पण दर गुरुपौर्णिमेला एक तरी येतोच.’’

‘‘आणि तुमच्या पेटीचा भाता फाटला आहे, तो?’’

‘‘त्याला चिकटपट्टी लावली आहे.’’

भेटशास्त्र्यांनी वहीत आक्षेप नोंदवला. पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांनी पालकांकडून कपाचे पैसे आधीच गोळा केले आणि पेटी दुरुस्त करणारा कारागीर घरी आणून भाता बदलून घेतला. वर पेटीला चाकांची पिशवी दिली, कारण दहा-बारा किलोचं ते धूड घेऊन बाई दर रविवारी भजनाला दोन जिने उतरत होत्या. पेटीबद्दल त्यांना जरा जास्तच कणव आहे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीन दशकं तिला दाराबाहेर ठेवली, हे ते घरच्या सुनेवर अन्याय झाल्यासारखं सांगतात आणि शेवटी म्हणतात, ‘‘तिनं तेव्हाही तक्रार केली नाही, आताही करत नाही. म्हणून तर कोणाचं लक्ष जात नाही.’’

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी विशारद झाली तेव्हा त्यांच्या शास्त्राची खरी परीक्षा झाली. स्कीमच्या ग्रुपवर सूचनांचा पाऊस. एकाचं मत, मोठी फ्रेम द्यावी. दुसऱ्याचं मत, भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ द्यावी. ही सूचना त्यातल्या त्यात जाणती होती, पण दुकानात जाऊन त्यांनी सहा भागांतला पहिलाच उचलला. जी मुलगी विशारद झाली तिला पहिला भाग देणं म्हणजे तिच्या निकालावरच शंका घेणं. शिवाय तिच्याकडे तो होताच. प्रत्येक मावशीने एकेक दिला होता.

भेटशास्त्री स्कीमच्या सचिवांना म्हणाले, ‘‘तिची पट्टी कोणती, विचारलं का?’’

सचिव म्हणाले, ‘‘पट्टी मीच गोळा करून राहिलो ना. दोनशे रुपये घरटी.’’

मग भेटशास्त्री स्वतःच वर गेले. मुलगी काळी चार या पट्टीत गाते हे विचारून आले. तिच्या तानपुऱ्याचा आकार टेपने मोजून आले. तारा जुन्या झाल्यात, घोडीची जवारी गेली आहे, सूर लावला की तानपुरा गुंजत नाही, नुसता टणटणतो, हेही कान लावून ऐकून आले. बायकांच्या आणि पुरुषांच्या तानपुऱ्याला एकाच जाडीच्या तारा चालत नाहीत, हे त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. दूधवाल्यालाही.

तारा तर नागपुरातही मिळतात. पण भेटशास्त्र्यांच्या साडूच्या मुलाचं लग्न सांगलीला होतं, आणि गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर घेऊन कोल्हापूरला जाताना तंतुवाद्यांच्या मिरजेला थांबते, हा त्यांच्या दृष्टीने केवळ योगायोग नव्हता. एक दिवस आणि एक रात्र त्या गाडीत बसून ते तानपुऱ्यासकट मिरजेला उतरले. लग्नाला तानपुरा घेऊन आलेला वऱ्हाडी म्हणून त्यांना पंगतीत गायचा आग्रह झाला, तो त्यांनी गुरुजींच्या आज्ञेकडे बोट दाखवून टाळला.

मिरजेचं वर्णन मात्र त्यांच्याकडून ऐकावं. तलवारींना धार लावणारी शिकलगार मंडळी, राजेरजवाड्यांच्या लढाया संपल्यावर तंतुवाद्यांकडे कशी वळली. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांत वाढलेला कडू भोपळा वाळून, पोखरून तानपुऱ्याचा तुंबा कसा होतो. घोडीच्या माथ्यावर कानस कशी एकेक केसभर फिरते, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आला की तार एकाएकी कशी बोलू लागते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते सांगताना भेटशास्त्र्यांचा चेहरा असा होतो की मानांकनाच्या फायलीवर शेवटची सही यांचीच असावी. अब्दुल करीम खाँसाहेब आपली वाद्यं आपल्या हाताने दुरुस्त करायचे, हेही त्यांनी तिथेच पुन्हा एकदा ऐकलं. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत बारीक पक्कड असते.

नव्या तारा आणि नवी जवारी लावून तानपुरा परत आला. मुलीने तारा छेडल्या आणि खर्जाची तार लागली तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसती छेडत राहिली. सचिवांनी विचारलं, ‘‘पण यात भेट कुठे आहे? फोटो कशाचा काढायचा?’’ हा प्रश्न गैर नाही. उपयोगी भेटीची हीच मोठी अडचण आहे. ती स्टेजवर हातात धरता येत नाही.

तबलावाल्यांच्या बाबतीत आमच्या गावचं हवामानच भेट ठरवतं. नागपूरच्या मे महिन्यात कोरड्या हवेने तबला चढतो, आणि माणसांसाठी कूलर लावला की त्याच्या ओल्या वाऱ्याने उतरतो. गवई काळी एकमध्ये बसलेला, तबला मात्र दर दहा मिनिटांनी दुसऱ्याच गावी निघालेला. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. भेटशास्त्र्यांचं मत वेगळं आहे : सेन्सर बिघडला असेल, पण त्या दिवशी आमच्या गल्लीतला तबला खरोखर चढला होता. म्हणून ते तबलजींना आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर देतात, तबल्याच्या पिशवीत ठेवायला सिलिका जेलची पाकिटं देतात, घामट बोटांसाठी पावडरचा डबा देतात, आणि मैफल असेल तिथे स्वतः जाऊन कूलरचं तोंड फिरवून ठेवतात. मग पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना घाम फुटतो. भेटशास्त्री म्हणतात, ‘‘पाहुण्यांचा सूर उतरला तर चालते.’’

तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, मात्र ते परस्पर आणत नाहीत. एकदा एका मुलाने आपल्या मित्राला हौसेने नवा तबला दिला. तोंड मोठं, आवाज ढाला, आणि मित्र साथ करतो काळी एकच्या गवयांना. तो तबला आता मित्राच्या घरी कुंडीखाली आहे. तेव्हापासून भेटशास्त्र्यांचा पक्का नियम : वाद्य भेट देऊ नये, वाद्याचा खर्च भेट द्यावा. शाई उडाली असेल तर पुडी बदलायचे पैसे कारागिराकडे आगाऊ भरून ठेवावेत, पुडी ज्याची त्याने वाजवून निवडावी. बासरीचंही तेच. पट्टी न विचारता आणलेली बासरी दिसायला सुरेख असते, आणि बहुधा दिसण्यापुरतीच राहते.

असा माणूस लोकप्रिय असेल असं वाटतं ना? नाही. उपयोगी भेटीत एक टोचणी असते, आणि ती भेटशास्त्र्यांना अजून दिसलेली नाही.

आमच्याकडच्या ढोल-ताशा पथकातल्या पोरांना त्यांनी गणपतीच्या तोंडावर कानात घालायचे बोळे दिले. हेतू चोख होता. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसावा आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करावी, असा एक मान्य हिशेब आहे. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ढोलाशेजारी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पोरांच्या कानांचं पन्नाशीत काय होईल, हे भेटशास्त्र्यांनी कागदावर गुणाकार-भागाकार करून दाखवलं. पोरांनी कागद पाहिला, बोळे पाहिले आणि पथकप्रमुख म्हणाला, ‘‘काका, आमचं वाजवणं एवढं वाईट आहे का बे... म्हणजे, आहे का हो?’’

एका गायिकेच्या लग्नात सगळे पैठणी आणि चांदीची भांडी देत असताना यांनी ज्येष्ठमध, खडीसाखर, वाफेचं यंत्र आणि स्टीलचा थर्मास दिला. नवरदेवाच्या आईला वाटलं, मुलीला दमा आहे आणि हे आपल्यापासून लपवलं. तो गैरसमज निस्तरायला बरेच दिवस लागले. थर्मास मात्र ती गायिका अजून प्रत्येक मैफलीला नेते.

आणि रो-हाउसची ती भिंत. एका घरात पहाटे साडेपाचला खर्जाचा रियाज, पलीकडच्या घरात रात्रपाळी करून मिहानमधून आलेला तरुण. दोन्ही घरांत एकच विटेची भिंत. भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याच्या बेतात असताना गवयाचा वाढदिवस आला. भेटशास्त्री भेट घेऊन गेले, पण गवयाकडे नाही, शेजाऱ्याकडे. त्याच्या पलंगामागच्या भिंतीला त्यांनी पुस्तकांचं गच्च भरलेलं कपाट सरकवून दिलं, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावून दिली, आणि ढोलपथकाने परत केलेले बोळे दिले. मग गवयाकडे जाऊन म्हणाले, ‘‘तुमची भेट पोचली. पलीकडे.’’ मला विचाराल तर कलावंताला दिलेली इतकी नेमकी भेट मी दुसरी पाहिलेली नाही. गवयाला ती कळायला आठवडा लागला. तोपर्यंत तो रुसून होता.

नव्या गोष्टींचं त्यांना वावडं नाही. बंगळुरूच्या राडेलने १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती. आता तर तो खोकाही मागे पडला, तानपुरा फोनमध्ये आला. पण भेटशास्त्र्यांनी रियाजाला बसलेल्या पोरांना पाहिलं आणि त्यांना रोग सापडला. दरबारीचा गंधार हळूहळू हलवत मुलगा जरा कुठे आत चाललेला असतो, तोच फोनमधून गॅस सिलिंडर पोचल्याचा निरोप येतो, मग बँकेचा ओटीपी येतो, मग काकांचं सुप्रभात येतं. म्हणून ते स्कीममधले अडगळीत पडलेले फोन गोळा करतात, त्यांतली सिमकार्डं काढतात, आत फक्त तानपुरा आणि तबल्याचं अ‍ॅप ठेवतात, आणि ज्याच्या त्याच्या पट्टीवर लावून भेट देतात. खर्च शून्य. एका आईने त्यांना सांगितलं की काका, पोरगा आता सलग तासभर बसतो. ते ऐकून भेटशास्त्र्यांनी मान डोलावली आणि तिला रोज सुप्रभात पाठवणं बंद केलं. ते काका हेच होते.

घरी मात्र त्यांचं शास्त्र थोडं लंगडतं. काकू भजनी मंडळात टाळ वाजवतात. टाळाच्या दोरीने त्यांच्या बोटांना घट्टे पडतात हे भेटशास्त्र्यांनी बरोबर हेरलं, आणि लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी मऊ सुताची जाड दोरी स्वतः वळून दिली. काकूंनी ती लावली, वाजवून पाहिली, बोटं दुखत नाहीत हेही कबूल केलं. मग म्हणाल्या, ‘‘छान आहे. कामाची आहे. पण इतकी वर्षं झाली, एखादी बिनकामाची वस्तू आणली असती तर काही बिघडलं नसतं.’’ त्यावर भेटशास्त्र्यांकडे आक्षेपाचा खुलासा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते सीताबर्डीला गेले आणि काय आणलं ते कोणाला दाखवलं नाही.

सगळ्यांत जास्त वाद मात्र त्यांचा पाकिटावरून होतो. आपल्याकडे साथीदाराला बोलवताना ‘घरचाच कार्यक्रम आहे’ म्हणतात, आणि घरचाच कार्यक्रम म्हणजे बिदागी नाही, शाल आहे. एका तबलजीने त्यांना कपाटातल्या शाली दाखवल्या होत्या. नागपुरातली थंडी किती दिवसांची असते ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून स्कीमच्या गणपतीत सत्कार ठरला की भेटशास्त्री खजिनदाराच्या डोक्यावर बसतात : नारळ एक, शाल नको, स्मृतिचिन्ह नको, दोन्हीचे पैसे पाकिटात, आणि पाकीट कार्यक्रम संपल्याबरोबर, ‘उद्या पाठवतो’ नाही. येण्याजाण्याची गाडी वेगळी. सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात काही असलं की अख्खं शहर ‘पास आहे का’ विचारत फिरतं. हे मात्र तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर हटकून तिकीट काढतात, आणि गावातला नवा कलावंत असेल तर दोन काढतात. दुसऱ्या खुर्चीवर पिशवी ठेवतात. कोणी विचारलं तर म्हणतात, ‘‘ही माझी भेट आहे. बसून राहू दे तिला.’’

भेटशास्त्र्यांना गाठायचं असेल तर संध्याकाळी स्कीमच्या कमानीजवळच्या बाकावर ते असतात. सल्ला मोफत आहे, पण येण्याआधी तुमच्या गवयाची पट्टी, तबल्याच्या तोंडाचं माप किंवा गिटारच्या तारा स्टीलच्या की नायलॉनच्या, एवढं तरी विचारून या, नाहीतर ते तुम्हाला परत पाठवतील. येताना संत्राबर्फी आणली तर चालते, ती ते स्वतः खातात. आणि गुरुवारी येऊ नका. गुरुवारी बेसात स्वामी समर्थांच्या दर्शनाला गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही.